सांडपाण्याच्या टाकीत पाणपिसवा सोडल्यात, आपल्याकडच्या उन्हात आणि फवारणीत टिकतील का?

सागरवाट | २ नोव्हेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. आमचं घर गुहागरच्या अलीकडे, किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर, सहा वर्षं झाली चार खोल्यांचं होमस्टे चालवतोय. संडासाचं पाणी सेप्टिक टँकला जातं ते वेगळं, पण आंघोळीचं, कपड्यांचं, स्वयंपाकघराचं सगळं पाणी एका शोषखड्ड्यात सोडलेलं होतं. आपला जांभा वरून कडक दिसतो पण आतून नुसत्या भेगा, पाणी कुठे शिरतं न् कुठे निघतं काही पत्ता लागत नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात खालच्या घरच्या काकू कळशी घेऊन आल्या, ओसरीवर ठेवली आणि म्हणाल्या, बघ, आमच्या बावीच्या पाण्याला फेस येतोय. भांडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग शोषखड्डा बंद केला. आता पाणी आधी तेलकटपणा अडवणाऱ्या ग्रीस ट्रॅपमध्ये, तिथून गाळ बसायला दोन चेंबर, मग बारा फुटांचा खडीचा वाफा, त्यात कर्दळ लावलीय, मग चिऱ्याची प्लास्टर केलेली हजार लिटरची उथळ टाकी, दोन फूट खोल, आणि शेवटी एक छोटी टाकी जिच्यातून पाइप पोफळींना जातो. वास गेला, पण मोठ्या टाकीतलं पाणी कायम हिरवट गढूळ. रत्नागिरीला एक मित्र शोभेचे मासे पाळतो, त्याने एका बाटलीत मोयना दिल्या, म्हणजे पाणपिसवांचीच छोटी जात, पाणी गाळून खाणारे बारीक किडे, आणि म्हणाला सोडून बघ. पहिली खेप दोन दिवसांत मेली कारण टाकी नवीन होती, सिमेंटचा चुना पाण्यात उतरत होता, मग केळीच्या गाभ्याचे तुकडे टाकून पंधरा दिवस पाणी मुरवलं, दोनदा टाकी रिकामी केली आणि परत सोडल्या. तीन आठवड्यांत इतका फरक की तळाला टाकलेलं दोन रुपयांचं नाणं आधी दिसतच नव्हतं, आता छापा की काटा ते वरून सांगता येतं.

प्रश्न असा की आता मोहोराची फवारणी सुरू होईल, मग एप्रिल-मेचं ऊन, मग पाऊस. एवढ्या सगळ्यात ह्या टिकतात का? कोणी केलंय का आपल्या पट्ट्यात?

देवबागवालो | २ नोव्हेंबर, रात्री १०:२०

बाबा, ह्या वाचून बरा वाटला. माझ्या परड्यात मोरीचा पाणी थेट केळींका जाता, चाळीस वर्सा तसाच चल्ला आसा. पण आता पोरग्यान दोन खोले पर्यटकांसाठी काढल्यान आणि पाणी चौपट झाला, केळी तरी किती पितली? किडे सोडून पाणी साफ होता ह्या खरा काय? आणि वास? पावण्यांका वास इलो तर परत येवचे नाय.

जुना_आरोग्यसेवक | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

सागरवाट, हेतू चांगला आहे पण एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. माझी नोकरीची पहिली वर्षं घाटावर गेली, तेव्हा पायऱ्यांच्या विहिरी होत्या आणि नारू होता. पायाला फोड, त्यातून पांढरा दोऱ्यासारखा जंत, रोज काडीला गुंडाळत थोडा थोडा बाहेर काढायचा, माणूस महिना महिना शेतावर जाऊ शकत नसे. तो जंत पाण्यातल्या ह्याच बारीक किड्यातून पोटात जायचा आणि आम्ही त्याला पाणपिसूच म्हणायचो. आम्ही विहिरीत ते किडे मारायला टेमिफॉस हे औषध टाकायचो, घरोघर गाळायची कापडं वाटायचो. शेवटचा रुग्ण १९९६ ला राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. एवढ्या कष्टाने जे घालवलं ते आपण हौसेने टाकीत पाळतोय असं तर नाही ना?

प्लवक_०७ | ३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

काका, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते, प्लवकांवरच, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, काम करते म्हणून सांगते. नारूचा वाहक तो सायक्लॉप्स. नाव लोकांनी दोघांना एकच दिलं पण कुळं वेगळी. सायक्लॉप्स थेंबासारखा, पुढे जाड मागे निमुळता, मादीच्या दोन्ही अंगांना अंड्यांच्या पिशव्या लोंबतात, आणि पाण्यात सुळकन इकडून तिकडे जातो. डाफ्निया आणि मोयना, म्हणजे आपल्या पाणपिसवा, वालाच्या दाण्यासारख्या, अंडी पाठीवर कवचाच्या आत, आणि चालणं म्हणजे उडी, थांब, खाली ये, परत उडी. नारूची अळी फक्त सायक्लॉप्समधूनच जाते आणि ती पाण्यात यायला नारूचा रुग्ण पाण्यात उतरावा लागतो. टाकीत सायक्लॉप्सही आपोआप येतील, कुठल्याही तळ्यात असतातच, पण हे पाणी पोफळींना जातंय, कोणी पिणार नाहीये, तेव्हा निर्धास्त राहा.

आता त्या करतात काय. पोटाखाली पाच जोड्या पाय, पायांवर केसांची बारीक चाळणी, पाय सतत हलत राहतात त्यामुळे पाणी आत ओढलं जातं आणि एखाद्या मायक्रॉनपासून (मिलिमीटरचा हजारावा भाग) तीसचाळीस मायक्रॉनपर्यंतचं जे काही तरंगत असेल, जिवाणू, शेवाळाच्या पेशी, बारीक कण, ते तोंडाकडे सरकतं. मोयनाची चाळणी बारीक, त्यामुळे जिवाणू जास्त पकडते. हिशोबाला एकीने दिवसाला ५ मिली पाणी गाळलं असं धरलं तर ५०० लिटरला १ लाख पिसवा लागतील, ऐकायला भयंकर वाटतं पण हजार लिटरच्या टाकीत ते लिटरमागे १०० झालं, आणि चांगल्या टाकीत मोयना त्याच्या कितीतरी पट होतात. चारपाच दिवसांची झाली की पिल्लं द्यायला लागते, नराची गरजच नाही, मादीच माद्यांना जन्म देते, आईची हुबेहूब नक्कल.

देवबागवाले काका, वास पिसवा घालवत नाहीत, तो त्यांच्या आधीच गेला पाहिजे. वास म्हणजे पाण्यात प्राणवायू नाही, आणि प्राणवायू नाही तिथे त्याही जगत नाहीत.

दादा एक ऐका, आजच एका बादलीत थोड्या वेगळ्या काढून पडवीत ठेवा. आपण विरजण राखतो ना, तसं. कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही.

खडी_वाळू | ३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मी चिपळूणचा, सांडपाण्याचे छोटे प्लँट उभे करायचं काम करतो. दोन गोष्टी स्पष्ट सांगतो म्हणजे वाचून कोणी घाईने खर्च करणार नाही.

पहिली, पिसवा ह्या शेवटाकडची पायरी. त्यांच्याआधी तेल, गाळ, साबणाचा फेस, अमोनिया हे सगळं उतरलेलं पाहिजे. सागरवाट यांचं जमलं कारण आधी वाफा आहे. युरोपात २०१६ ते २०२० मध्ये इनोक्वा नावाचा प्रकल्प झाला त्यातही क्रम हाच होता, आधी गांडुळांचा फिल्टर, मग डाफ्नियाची टाकी, मग सूक्ष्म शैवाल आणि गरज असेल तिथे शेवटी अतिनील दिवा. कच्च्या सांडपाण्यात पिसवा टाकल्या तर त्या संध्याकाळपर्यंत मरतात आणि माणूस म्हणतो हे सगळं थोतांड आहे.

दुसरी, विरघळलेलं मीठ आणि नायट्रेट त्या गाळत नाहीत. ते पोफळी आणि केळी घेतील. आणि त्यांनी जे खाल्लं त्याची विष्ठा तळाला बसते, मेलेल्याही तिथेच बसतात, तो गाळ दर महिन्याला काढला नाही तर सगळं परत पाण्यात. दर महिन्याला म्हणजे खरंच दर महिन्याला, लोक इथेच कंटाळा करतात.

शोषखड्ड्याबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. नळाचं पाणी आता माणशी ५५ लिटर द्यायचं सरकारी माप आहे, ते येतं तेवढं सगळं कुठेतरी जातंच ना. मातीच्या जमिनीत शोषखड्डा उत्तम, पण जांभ्यात पावसाळ्यात भूजल वर येऊन खड्ड्याला भिडतं, मग खड्डा आणि शेजारची विहीर यात फरक काय राहिला?

सागरवाट | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:००

सगळ्यांचे आभार. बादली काढून ठेवली पडवीत.

अमोनियावरून आठवलं, सुरुवातीला मासे धुतलेलं पाणीपण याच लाइनला जायचं आणि सुरमईचा मोसम असला की टाकी दुसऱ्या दिवशी बिघडायची. आईने सांगितलं, अरे मासळीचं पाणी मोरीत कशाला, ते माडाच्या आळ्यात ओत, आम्ही जन्मभर तेच केलं. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या मागे वेगळी बादली ठेवलीय. खारी मासळी भिजवलेलं पाणी तर टाकीत अजिबात जाऊ देत नाही, मीठ आहे ना.

प्लवक_०७ | ४ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

आईंचं अगदी बरोबर. अमोनियाचं एक लक्षात ठेवा, तो पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी यावर, फिरतो. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर शंभरातला एखादाच भाग विषारी रूपात असतो, पीएच ९ झाला की जवळजवळ निम्मा. भर उन्हात शेवाळ माजलं की दुपारी पीएच सहज चढतो, म्हणून सकाळी ठीक असलेली टाकी दुपारी बसते. शेवाळ कमी ठेवायला पिसवा हव्यात आणि पिसवा जगवायला शेवाळ कमी हवं, म्हणून सुरुवातीला टाकीवर सावली करणं फार गरजेचं.

कलमांची_वाडी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:१०

देवगडहून लिहितेय. डासांचं काय केलंत? आमच्याकडे आरोग्यवाले येऊन प्रत्येक टाकीत गप्पी मासे सोडून जातात आणि ते चांगलंच आहे, डेंगीने गावात दोन वर्षांपूर्वी हाल झाले होते.

सागरवाट | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३५

ताई, गप्पी पिसवांच्या टाकीत सोडले की आठवड्यात टाकी रिकामी, पिसवा म्हणजे त्यांचं लाडकं खाणं. म्हणून मोठ्या टाकीला मच्छरदाणीची जाळी, चारी बाजूंनी चिऱ्यांनी दाबून, आणि गप्पी शेवटच्या छोट्या टाकीत. पाण्याबरोबर ज्या पिसवा वाहून येतात त्या गप्पी खातात. आरोग्यसेविका ताई येतात त्यांना दोन्ही दाखवलं, त्यांनी जाळी नीट तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं.

रोह्याची_लेक | ८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

उशिरा वाचला धागा. मी कारखान्यांच्या गावातली, लहानपणी नदीला रंग बघितलाय, खाडीत मासे उलटे तरंगताना बघितलेत, म्हणून या विषयाशी वेगळंच नातं आहे.

घरगुती पाण्याच्या पलीकडचं एक सांगते. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात लुईसा ऑर्सिनी आणि सहकाऱ्यांनी डाफ्नियावर काम केलं. तळ्याच्या तळचा गाळ थरथर कापून काढला, प्रत्येक थर वेगळ्या काळातला, त्यातली वर्षानुवर्षं झोपलेली अंडी उबवली आणि वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळं प्रदूषण सोसलेल्या वंशांमधून कुठला वंश कुठलं रसायन सहन करतो ते निवडलं. नर लागत नाही, आई तशीच लेक, म्हणून निवडलेला गुण पिढ्यानपिढ्या टिकतो. त्यांच्या चाचणीत डायक्लोफेनॅक ९० टक्के, आर्सेनिक ६०, अॅट्राझिन हे तणनाशक ५९ आणि पीएफओएस, जे निसर्गात मोडतच नाही, ते ५० टक्के पाण्यातून कमी झालं.

डायक्लोफेनॅक वाचलं आणि मला आपली गिधाडं आठवली. जनावरांना दिलेल्या त्याच औषधाने गिधाडं मेली, २००६ ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली. ती मेलेल्या ढोराच्या मांसातून मेली, पाण्यातून नाही, पण तेच औषध आपण गुडघेदुखीला घेतो आणि ते लघवीवाटे सांडपाण्यात जातं, साध्या प्लँटमध्ये पुरतं मोडतही नाही. म्हसळ्याजवळ चिरगावला राखलेली गिधाडं मी बघितलीत, म्हणून तो ९० चा आकडा मला नुसता आकडा वाटला नाही.

खडी_वाळू | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

छान माहिती. पण हे वाचून कोणी कारखान्याच्या पाण्याला पिसवा हा उपाय समजू नये. धातू आणि अशी रसायनं त्या शोषतात म्हणजे ती त्यांच्या अंगात साठतात. त्या पिसवा काढून धोकादायक कचरा म्हणून वेगळ्या न्याव्या लागतात, माशांना घालायच्या नाहीत, खत म्हणून टाकायच्या नाहीत. कारखान्याने आपलं पाणी आपल्या आवारातच साफ करायचं ते करायचंच.

रोह्याची_लेक | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:००

+१. यावर माझं दुसरं मत नाही.

सागरवाट | १४ जानेवारी, सकाळी ७:३५

सगळ्या मेल्या.

काल सकाळपर्यंत ठीक होतं. आज संक्रांत म्हणून लवकर उठलो, टाकीवरची जाळी उचलली तर वर एकही नाही, तळाला पांढरट थर. काही अजून जिवंत होत्या त्या एका जागी गरगर फिरत होत्या, उडी नाही, नुसतं गरगर. घरात तिळगूळ चाललाय आणि मी टाकीजवळ बसलोय. पाणी दिसायला तसंच स्वच्छ आहे. नाताळपासून पाहुणे भरपूर होते, बाथरूम धुवायला अॅसिड आणि ब्लीच वापरलं गेलं, तेच असेल का? शेवटच्या टाकीतले गप्पीपण चार मेलेत.

जुना_आरोग्यसेवक | १४ जानेवारी, सकाळी ८:१०

ब्लीच असू शकतं. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते त्या दिवशी नळाच्या पाण्यानेही मासे मरतात. गेल्या दोन दिवसांत टाकली होती का चौकशी करा.

प्लवक_०७ | १४ जानेवारी, सकाळी १०:२५

वाचून खूप वाईट वाटलं दादा. पण अंदाज बांधू नका, त्यांनाच विचारा. प्राणवायू कमी पडला असता तर आधी लालसर झाल्या असत्या, कमी प्राणवायूत त्या अंगात हिमोग्लोबिन वाढवतात, आणि पहाटे पृष्ठभागावर गर्दी दिसली असती. गरगर फिरणं हे मला दुसरंच काही वाटतंय.

बादलीतल्या जिवंत आहेत ना? जगभरात पाण्याचं विष मोजायला डाफ्नियाच वापरतात, त्याची साधी पद्धत घरी करता येते. मोठ्या माद्या वेगळ्या काढा, दुसऱ्या दिवशी त्यांची जी पिल्लं होतील ती घ्या, म्हणजे वय २४ तासांच्या आत. प्रत्येक पाण्याचे चार ग्लास, प्रत्येक ग्लासात ५ पिल्लं, खायला काही नाही, सावलीत ४८ तास. ग्लास हलकेच हलवायचा आणि १५ सेकंदांत जी पोहत नाही ती गेली असं लिहायचं. बावीचं पाणी एक, बाथरूमचं एक, स्वयंपाकघराचं एक, आणि परसातल्या धुण्याच्या दगडाचं पाणी त्याच लाइनला जातं का? मग तेही एक.

सागरवाट | १८ जानेवारी, रात्री ९:२०

केलं. सोळा काचेचे ग्लास ओटीवर मांडले, ड्रॉपरने पिल्लं सोडली, माझ्या मुलीने वहीत रकाने आखून दर सहा तासांनी लिहिलं, शाळेतून आली की आधी ग्लास बघायची, मग कपडे बदलायची.

बावीचं पाणी, वीसच्या वीस पोहत होत्या. स्वयंपाकघराचं, एकोणीस. बाथरूमच्या पाण्यात तीन गेल्या. धुण्याच्या दगडाच्या चेंबरमधलं पाणी, पहिल्या संध्याकाळी वीसच्या वीस तळाला.

तेव्हा लक्षात आलं. १२ तारखेला कलमांना तुडतुड्याची फवारणी झाली, डेल्टामेथ्रीन, आणि संध्याकाळी धाकट्या भावाने फवारणीचा पंप धुण्याच्या दगडावर धुतला, उरलेलं औषध तिथेच ओतलं. तो दरवर्षी तिथेच धुतो, वडीलही तिथेच धुवायचे. त्याला वही दाखवली तर तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मला जास्त लागलं ते हे की इतकी वर्षं हेच पाणी शोषखड्ड्यात जात होतं, आणि खाली काकूंची बाव आहे.

प्लवक_०७ | १८ जानेवारी, रात्री १०:०५

दादा, शाब्बास तुमच्या मुलीची. हिशोब बघा. २.८ टक्क्यांच्या औषधाच्या १ मिलीमध्ये साधारण २८ मिलिग्रॅम डेल्टामेथ्रीन. लिटरला १ मिली मिसळून उरलेलं एक लिटर पाणी जरी लाइनला गेलं तरी हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे २८ मायक्रोग्रॅम होतं, आणि पाणपिसू लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्याही आत मरते. हे औषध गाळाला चिकटतं म्हणून बरंचसं कर्दळीच्या वाफ्यातच अडकलं असणार, तरी जे पुढे आलं ते पुरलं. विहिरीच्या बाबतीत हीच चिकटण्याची गोष्ट आपल्या बाजूची आहे, पण भेगांमधून थेट गेलं तर तीही नाही.

कलमांची_वाडी | १९ जानेवारी, दुपारी ३:४०

मी काल रात्रीपासून विचार करतेय. आमची तीनशे कलमं, मोसमात पाचसहा फवारण्या, पंप व्हाळावर धुतला जातो. घरच्यांशी आज बोलले. आता असं ठरवलंय की औषध मोजूनच करायचं म्हणजे उरणार नाही, पंप बागेतच धुवायचा आणि ते पाणी पुढच्या फवारणीच्या पाण्यात घ्यायचं. शेवटचं जे राहील ते विहिरीपासून आणि व्हाळापासून लांब, कलमांच्या ओळीतच पसरून टाकायचं, एका जागी ओतायचं नाही.

आणि पोफळी असतील त्यांच्यासाठी, पावसाळ्यात फळगळीला आपण बोर्डो मारतो त्यात मोरचूद असतं. म्हणजे तांबंच. ते पिसवांना चालतं का?

प्लवक_०७ | १९ जानेवारी, रात्री ८:००

अजिबात नाही ताई. तांब्याला त्या फार नाजूक. टाकी पोफळींच्या खाली असेल तर फवारणीच्या दिवशी प्लास्टिकचा कागद अंथरा आणि पुढचे दोनतीन पाऊस होईपर्यंत काढू नका, पानांवरून ठिबकतं ते टाकीत जायला नको.

देवबागवालो | २० जानेवारी, सकाळी ७:१०

सागरवाट, तू मनाक लावून घेव नको. आमी सगळ्यांनीच पंप बावीकडे धुतलेले आसत, कोणाक ठावक होता? परत सोड त्यांका.

सागरवाट | २७ एप्रिल, दुपारी २:१५

वाफ्यातली वरची खडी काढून धुतली, टाकी खरवडली, फेब्रुवारीत बादलीतल्या सोडल्या. मार्चमध्ये पाणी परत नितळ झालं. बाथरूमला आता साधा साबण आणि रिठ्याचं पाणी, अॅसिड बंद.

आता ऊन. टाकीत दुपारी ३४ अंश. पिसवा कमी झाल्यात, पहाटे बघितल्या तर लालसर दिसतात. झापांचं छप्पर केलंय. आणखी काय करू?

खडी_वाळू | २७ एप्रिल, रात्री ८:४५

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ ला ७ च्या आसपास, आणि उन्हात जीवाला लागतो मात्र जास्त. आत येणारा पाइप फूटभर वर उचला आणि खाली भोकाचा पत्रा लावा, पाणी शिंपडत पडू दे. आणि दोन फूट खोली कमी पडतेय, पुढच्या वर्षी एक थर चिरा वाढवा.

प्लवक_०७ | २८ एप्रिल, सकाळी ११:३०

लालसर होणं म्हणजे त्या अजून झुंजतायत. मोयना आहे म्हणून एवढं तरी, ऑनलाइन जी मोठी डाफ्निया मॅग्ना विकतात ती २० अंशांच्या आसपास खूश असते, आपल्याकडे मार्चमध्येच गेली असती. बाहेरच्या जाती आणूही नयेत. लुमहोल्ट्झी म्हणून आपल्याकडची, आफ्रिकेतली लांब काट्याची डाफ्निया १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या तलावांत शिरली ती अजून पसरतेय, उलटं इथेही होऊ शकतं.

आता टाकीच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर नीट बघा. खसखशीएवढे काळपट ठिपके चिकटलेत का?

सागरवाट | २८ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

आहेत! मला वाटलं घाण आहे, उद्या घासून काढणार होतो.

प्लवक_०७ | २८ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

घासू नका!! ती अंडी आहेत. गर्दी झाली, खाणं संपलं, दिवस बदलले, पाणी आटायला लागलं की मादी नर पिल्लं काढते, मग मिलन होतं आणि जी अंडी होतात ती पाठीवरच्या जाड कवचात बंद होतात, एका पेटीत एकदोन. कात टाकली की पेटी गळून पडते. ती वाळली तरी मरत नाही, त्या बर्मिंगहॅमच्या प्रयोगातल्या गाळातली अंडी अशीच होती. अलगद ब्रशने कागदावर घ्या, तळचा थोडा गाळही घ्या, सावलीत वाळवा, कागदी पुडीत ठेवा. पुडीवर तारीख लिहा.

सागरवाट | १६ मे, रात्री १०:००

पाहुण्यांची गर्दी, बावीने तळ गाठला, टाकीला द्यायला पाणीच नाही. आज टाकी कोरडी केली. तीन पुड्या देवघराच्या फळीवर ठेवल्यात, आईने विचारलं कसल्या, सांगितलं, तर म्हणाली मग बी-बियाण्याच्या डब्यात ठेव, तिथे मुंग्या येत नाहीत. तिथे ठेवल्या.

सागरवाट | २१ जून, सकाळी ८:४०

पाऊस लागला. टाकी भरली, आठ दिवस वाफ्यातून पाणी फिरू दिलं, मग १५ तारखेला पुडी उघडून गाळ आधी पावसाच्या पाण्याच्या बादलीत टाकला, बादली अंगणात उजेडात ठेवली. रोज बघत होतो, काही नाही. काल संध्याकाळी मुलगी ओरडत आली. टॉर्च लावून बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढे पाचसहा ठिपके, उडी, थांब, खाली, परत उडी.

काकू छत्री घेऊन बघायला आल्या होत्या. त्यांच्या बावीचं पाणी यंदा आम्ही दर पंधरा दिवसांनी ग्लासात घेऊन पिसवांवर तपासणार आहोत, पिण्याची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी देणारच आहे.

देवबागवालो | २१ जून, सकाळी ९:३०

वा रे वा! एक पुडी माका धाडशील काय?

सागरवाट | २१ जून, सकाळी ९:५५

काका, पुडी नक्की धाडली असती, पण तुमच्या पाण्यातल्याच घ्या, त्या तुमच्या हवेला सरावलेल्या असणार. घरामागची डोण किंवा जुनं तळं असेल, जिथे गप्पी नाहीत आणि टीसीएल पडत नाही, तिथून सकाळी बारीक कापडाने पाणी गाळा, कापड बशीत उलटं करा. वालाच्या दाण्यासारख्या आणि उड्या मारणाऱ्या त्या घ्या, सुळकन पळणाऱ्या राहू द्या.

देवबागवालो | २३ जून, सकाळी ६:२०

डोणीत गावले. नातू मोजता हा, सतरापर्यंत मोजल्यान, मगे उड्या मारतत म्हणान परत पयल्यापासून. पंप मात्र आज गोठ्यामागे नेवन ठेवलंय, बावीपासून लांब.